खगोल क्लबची प्रमुख झाले आणि टेलिस्कोप सोडायला शिकले

माझ्या चुलतभावाला यंदा त्याच्या शाळेत हरित सेनेचा प्रमुख केलंय. परवा रात्री त्याचा फोन, ताई प्रमुखाने नक्की करायचं काय असतं गं, सगळे माझ्याकडेच बघत उभे राहतात. तासभर बोलले त्याच्याशी, आणि नंतर वाटलं की हे नीट लिहूनच काढावं, कारण दरवर्षी जूनमध्ये शाळाशाळांमधून कितीतरी पोरापोरींना असं काहीतरी प्रमुखपद मिळतं आणि त्यांना कोणीच काही सांगत नाही.

मी २०१८ साली नववीत होते. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला शाळा. विज्ञानाच्या सरांनी वर्गात येऊन सांगितलं की खगोल क्लबचं यंदा तू बघायचं. मीच का, तर मला नक्षत्रं ओळखता यायची, मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका, शर्मिष्ठा, सगळं तोंडपाठ होतं, आणि हिवाळ्यात डोंगराला टेकल्यासारखा दिसणारा अगस्तीसुद्धा मी गच्चीवरून दाखवायचे. त्यामुळे ज्याला सगळ्यात जास्त येतं तो प्रमुख, असंच माझ्या डोक्यात होतं. ते तसं नसतं हे कळायला मला डिसेंबर उजाडला.

पहिलाच कार्यक्रम ठरवला तो २७ जुलै २०१८ च्या खग्रास चंद्रग्रहणाचा. या शतकातलं सगळ्यात लांब खग्रास ग्रहण, पूर्ण झाकलेला चंद्र १ तास ४३ मिनिटं, आणि त्याच सुमारास मंगळही पृथ्वीच्या जवळ आलेला, म्हणजे लाल चंद्र आणि शेजारी लाल मंगळ. मी चार्ट काढले, सूचना फिरवली, नववी-दहावीच्या मुलांनी पालकांना घेऊन रात्री अकराला शाळेत यायचं. आता जुलै महिन्यात साताऱ्यात आकाश कसं असतं हे मला काय माहीत नव्हतं का, पण उत्साहात ते कुणी बोललंच नाही आणि मी तर नाहीच नाही. चाळीसेक माणसं छत्र्या घेऊन आली आणि पाऊस धो धो. मी टेलिस्कोपच्या खोक्यापाशी जाऊन उभी राहिले, तोंडातून शब्द फुटेना. सगळे माझ्याकडे बघतायत आणि माझ्याकडे सांगायला काही नाही, हा अनुभव फार वाईट असतो. तेवढ्यात आठवीतली एक मुलगी, जी खरं तर मोठ्या बहिणीबरोबर आली होती, तिने खेळाच्या खोलीतून एक प्लास्टिकचा बॉल आणला, कुणाच्या तरी वडिलांकडून टॉर्च घेतला आणि व्हरांड्यात लहान मुलांना ग्रहण करून दाखवायला लागली. टॉर्च म्हणजे सूर्य, तुझं डोकं म्हणजे पृथ्वी, आता बॉल डोक्यामागे धर. अर्धा तास लोक थांबले ते तिच्यामुळे. या मुलीला लक्षात ठेवा, ती पुढे येणारे.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली ती आजतागायत आहे. कार्यक्रम ठरला की वहीत दोन पानं करायची, एकावर आकाश मोकळं असेल तर काय, दुसऱ्यावर ढग आले तर काय. तुमचा क्लब नाटकाचा असेल तर ढगाच्या जागी लाइट जाणं असेल, झाडं लावायची असतील तर रोपं वेळेवर न येणं असेल, पण दुसरं पान पाहिजेच, आणि ते आधीच चार जणांना वाचून दाखवलेलं पाहिजे, कारण ऐनवेळी प्रमुखाचं डोकं चालेलच असं नाही.

पण माझी खरी चूक ही नव्हतीच. ती झाली ऑक्टोबरमध्ये, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी आकाश एकदम स्वच्छ होतं. पाऊस गेलेला, संध्याकाळी सात वाजता शनी नैर्ऋत्येकडे छान वर, पाचवी ते सातवीची साठ मुलं रांगेत. शाळेचा टेलिस्कोप सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे लाकडी बैठकीवर हाताने फिरवायचा, मोटर वगैरे काही नाही. दहा मिलिमीटरची आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावली की १२० पट मोठं दिसतं, कडी सुरेख दिसतात, पण पृथ्वी फिरत असते ना, त्यामुळे दोन मिनिटं व्हायच्या आत शनी सरकत सरकत आयपीसच्या बाहेर. म्हणजे दर एक-दोन मुलांनंतर नळी किंचित ढकलून शनी परत मध्ये आणायचा, आणि अशा आरशाच्या टेलिस्कोपमध्ये सगळं उलटं दिसतं त्यामुळे कुठे ढकलायचं याचा हात बसावा लागतो. तो हात फक्त माझा बसलेला होता कारण मी इतरांना कधी हात लावूच दिला नव्हता, बिघडेल म्हणून. दोन तास मी एकटी वाकून उभी. क्लबची आठ मुलं मागे गच्चीच्या कठड्याला टेकून गप्पा मारत होती, थोड्या वेळाने त्यातली चार घरी गेली, आणि मला मनातून त्यांचा राग येत होता की बघा, मी मरमर मरतेय आणि यांना काही पडलेली नाही.

पुढच्या शनिवारच्या मीटिंगला तिघंच आले. मी सरांकडे जाऊन तक्रार केली की कुणालाच इंटरेस्ट नाही. सर म्हणाले, त्या दिवशी त्यांच्या हातात काय होतं? मी म्हटलं काही नव्हतं. मग कशाला थांबतील, एवढंच म्हणाले आणि पेपर तपासायला लागले.

हे वाक्य मी भावालाही सांगितलं, त्याच्या हातात काय आहे ते बघ. जो माणूस तुझ्या क्लबात आलाय त्याच्या हाताला त्या दिवशी काही ठरलेलं काम नसेल तर तो पाहुणा आहे, आणि पाहुणा एकदा येतो, दोनदा येतो, मग येत नाही. काम म्हणजे खुर्च्या उचल नाही हां, खुर्च्याही उचलाव्या लागतात पण त्या सगळ्यांनी, प्रमुखासकट. काम म्हणजे जे त्याने नाही केलं तर कार्यक्रम अडेल असं काहीतरी.

मग डिसेंबर आला. मिथुन राशीतून येणारा उल्कावर्षाव, जेमिनिड्स, दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमाराला असतो. बाकीचे बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या मागे राहिलेल्या कणांचा. आपल्याकडे याचं भारी कौतुक असायला पाहिजे कारण ऑगस्टचा पर्सिड्स आपला पावसात जातो आणि हा ऐन थंडीत, कोरड्या आकाशात. १४ डिसेंबर २०१८, शुक्रवारची रात्र ठरवली, अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत मावळणार होता.

परवानगीचं इथेच सांगते कारण त्यातही मी आपटले. मी मुख्याध्यापिका बाईंची सही आधी आणली आणि मग शिपाई मामांना जाऊन सांगितलं की शुक्रवारी रात्रभर गेट उघडायचंय. मामा चिडले आणि त्यांचं बरोबर होतं, रात्रभर जागणार ते आणि त्यांना कळतं सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी मी परत गेले, चुकलं म्हटलं, आणि विचारलं की मामा तुम्हाला कुठली रात्र जमेल. त्यांनी तीच रात्र सांगितली, वर पाणी तापवायची शेगडी पण दिली. तेव्हापासून अर्ज लिहायच्या आधी मी एक यादी करते, या कामामुळे कुणाकुणाला जास्तीचं काम पडणार आहे, आणि आधी त्यांना भेटते. सह्या नंतर. मुलींच्या घरून परवानगी हा वेगळाच विषय, त्यासाठी नुसतं संमतीपत्रक पुरत नाही, मी आणि माझी आई सहा घरी प्रत्यक्ष जाऊन आलो, कोण बाई सोबत असणार, पहाटे कोण सोडणार, सगळं सांगितलं. सहापैकी पाच जणी आल्या.

त्या रात्री मी टेलिस्कोप गच्चीवर नेलाच नाही, उल्का तशाही नुसत्या डोळ्यांनीच बघायच्या असतात. अकरा जण सतरंज्यांवर गोल झोपलो, डोकी मध्ये आणि पाय बाहेर, प्रत्येकाला आकाशाचा एक तुकडा वाटून दिलेला. ज्याला उल्का दिसेल त्याने ओरडायचं आणि ती मिथुनेतून आली की भलतीकडून ते सांगायचं. मध्यभागी एक जण नोंदी करणारा, त्याच्या टॉर्चला लाल जिलेटिन पेपर रबरबँडने बांधलेला, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा पांढरा उजेड पडला की परत पहिल्यापासून. नोंदवही मी त्या आठवीतल्या मुलीकडे दिली. माझा हात शिवशिवत होता, ती वेळ लिहायची पण दिशा लिहायची राहून जायची, मला दोनदा वाटलं वही ओढून घ्यावी. नाही घेतली. तिसऱ्यांदा तीच उठून बसली आणि म्हणाली ताई, माझ्या एकटीने होत नाही, मी वेळ लिहिते आणि अजून एकाने दिशा बोलून दाखवावी, आणि कुणाची वाट न बघता तिने शेजारच्या मुलाला कामाला लावलं. मी वही घेतली असती तर हे झालंच नसतं. पहाटे चारपर्यंत ७१ उल्का मोजल्या, शेवटच्या पानावर चहाचा गोल डाग आहे, ती वही अजून शाळेच्या कपाटात आहे. चंद्र मावळल्यावर मधल्या वेळात बायनॉक्युलरमधून विर्तानेन धूमकेतूही शोधला, कृत्तिका आणि रोहिणीच्या आसपास, कापसाच्या बोळ्यासारखा, तो आमच्यातल्या सगळ्यात अबोल मुलाने पहिला शोधला आणि पुढचा आठवडाभर तो शाळेत वेगळाच चालत होता.

हिशेबाबद्दल एकच. वीस रुपये वर्गणी होती, तरी वर्षअखेर १८० रुपयांचा मेळ लागेना. कुणी खाल्ले नव्हते, मी लिहिले नव्हते. घरून भरले, पण आठवडाभर लोकांच्या नजरा सोसाव्या लागल्या. त्याच दिवशी लिहायचं आणि दोघांच्या सह्या, त्यातली एक तुमची नसली तरी चालेल.

मार्चमध्ये मी सरांना म्हटलं की आता मे महिन्यात काय करणार, सुट्टी आहे, सगळे मामाच्या गावाला. शून्य सावलीचा दिवस साताऱ्यात १०-११ मेच्या सुमाराला येतो, दुपारी साडेबाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली. वर्षातून दोनदा येतो पण दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा सूर्यच दिसत नाही. म्हणजे एक सुट्टीत जातो आणि एक पावसात, त्यामुळे आमच्या शाळेने तो कधी केलाच नव्हता, मीही सोडूनच दिला होता. तर ती मुलगी म्हणाली, सगळे वेगवेगळ्या गावाला जातात तेच तर चांगलंय ना ताई. कारण जसजसं उत्तरेला जाल तसा तो दिवस पुढे सरकतो, कोल्हापूरला ६-७ मे, पुण्याला १३-१४, मुंबईला १५-१६. मग पोरांनी आपापल्या आजोळी अंगणात बाटल्या, उभा वरवंटा, एकीने तर चक्क जात्याचा खुंटा, अशा सावल्यांचे फोटो पालकांच्या मोबाइलवरून पाठवले, आणि जूनमध्ये आम्ही ते नकाशावर खालून वर तारखेप्रमाणे चिकटवले. सूर्य उत्तरेकडे सरकताना दिसत होता त्या नकाशावर. मला येणाऱ्या नक्षत्रांच्या नावांमधून हे कधीच निघालं नसतं.

दहावीत गेल्यावर क्लब तिच्याकडे गेला. सोपवताना मी तिला दोन वह्या दिल्या, शिपाई मामांपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांशी ओळख करून दिली आणि मग मुद्दाम मीटिंगांना जाणं बंद केलं, कारण जुना प्रमुख खोलीत असला की सगळे त्याच्याकडेच बघतात. फार जड गेलं ते, खोटं कशाला सांगू. शनिवारी चार वाजले की पाय तिकडे वळायचे.

२६ डिसेंबर २०१९ ला सूर्यग्रहण होतं. कंकणाकृती दिसणार होतं दक्षिणेत, केरळ-तमिळनाडूकडे, आपल्याकडे खंडग्रास, सकाळी आठनंतर सुरू. तिने ग्रहणात मुलांना बाहेर सोडत नाहीत हे धरूनच आखणी केली होती, आदल्या आठवड्यात पालकांना बोलावून पिनहोलचा, म्हणजे बारीक भोकातून सूर्याची प्रतिमा पाडणारा, खोका दाखवला होता, आणि ग्रहण चालू असताना सगळ्यांनी मिळून पोहे खायचे असंही ठरवलं होतं. मी प्रिलिमचा अभ्यास टाकून बघायला गेले. मैदानावर ढग येत-जात होते, तिच्या वहीची दोन्ही पानं तयार होती. ती टेलिस्कोपपाशी नव्हती. मला गेटपाशी बघून धावत आली, हातात गॉगलचा गठ्ठा आणि मऊ फडकं दिलं आणि म्हणाली, ताई तू व्हरांड्यात बस, एकेक गॉगल बल्बसमोर धरून बघ, ओरखडा किंवा बारीक भोक दिसलं तर तो बाजूला टाक, तुझं झाल्याशिवाय मला रांग सोडता येणार नाही.

मी बसले आणि पहिला गॉगल उचलला.