बारा लाखांच्या ऑफरमधून हातात किती? नोकरी बदलण्याआधीचा हिशेब

सीटीसी (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) ९ वरून १२ लाख होणार म्हटलं की डोक्यात लगेच 'महिना लाख' बसतं. आवडतं काम सोडायचं की नाही, हे या चुकीच्या आकड्यावर ठरवू नका. आधी हातात येणारा पगार काढा.

एचआरकडून सॅलरी ब्रेकअप लेखी मागा. १२ लाखांत बेसिक (मूळ पगार) निम्मं, म्हणजे ६ लाख धरू. कंपनीच्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) बेसिकच्या १२ टक्के, ७२,०००. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम, बेसिकच्या ४.८१ टक्के, २८,८६०. मेडिक्लेमचा हप्ता समजा १५,०००. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त मिळणारा भाग, सीटीसीच्या १५ टक्के, १,८०,०००. हे वजा केल्यावर महिन्याला ७५,३४५ उरतात. त्यातून स्वतःचा पीएफ ६,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) कापला की हातात ६९,१४५. नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी एवढ्या पगारावर आयकर लागत नाही. आताच्या ९ लाखांत व्हेरिएबल नसेल, तर याच रीतीने ६२,७४६ येतात. कागदावर वाढ ३३ टक्के, महिन्याच्या खर्चाला मात्र साधारण ६,४०० रुपयेच जास्त. पीएफमध्ये दोन्ही वाटे मिळून महिना ३,००० जास्त जमतील, तेही मोजा, पण ते लगेच वापरता येत नाहीत.

मोठा खड्डा व्हेरिएबलचा. 'तुमच्या ग्रेडला गेल्या दोन वर्षांत किती टक्के दिलं?' हे विचारा. उत्तर गोलमोल आलं तर ती रक्कम शून्य धरा.

आता वेळ. डोंबिवलीहून ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला जाणाऱ्याने बीकेसीतली (वांद्रे-कुर्ला संकुलातली) नोकरी घेतली, तर कुर्ल्याला उतरून पुढे बस किंवा शेअर रिक्षाची रांग आली. जाताना ४० आणि येताना ४० मिनिटं जास्त धरली तर २२ दिवसांत २९ तास जातात. प्रवास आणि बाहेरचं जेवण यांचे २,००० वाढले, तर उरलेले ४,४०० रुपये त्या २९ तासांचे. तासाला साधारण दीडशे. एवढ्यावर रोजची संध्याकाळ द्यायची का, हे घरच्यांसोबत बसून ठरवा. त्याआधी एका कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत तो प्रवास करून पाहाच. रविवारी मोजलेला वेळ काही कामाचा नाही.

समाधान मोजायला दोन आठवडे पुरतात. रोज रात्री वहीत तीन गोष्टींपुढे अधिक, शून्य किंवा उणे लिहा: आजचं काम, साहेबांची वागणूक, नवं काही शिकलो का. उणे फक्त साहेबांपुढे जमत असतील तर आधी दुसऱ्या विभागात बदली मागा. काम आणि शिकणं दोन्हीकडे उणे असतील तर पगार थोडाच वाढला तरी बदल योग्य ठरू शकतो. तिन्ही अधिक आणि तक्रार फक्त पैशांची असेल, तर हाच हिशेब घेऊन आताच्या ठिकाणी वाढ मागा. राजीनाम्याची धमकी देऊन मात्र नको. अशी मिळालेली वाढ पुढच्या अप्रेझलला (वार्षिक पगारवाढीच्या वेळी) अनेकदा वळती होते.

पैशाला झुकतं माप कधी द्यायचं? घरभाडं, हप्ते, शाळेची फी आणि आईवडिलांची औषधं भागवून महिनाअखेर काहीच उरत नसेल, किंवा सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तेव्हा. तिथे समाधानासाठी थांबणं घराला परवडत नाही, आणि पगार निवडण्यात कमीपणा मुळीच नाही.

नव्या जागेबद्दल मुलाखतीतच विचारा: ही जागा का रिकामी झाली? टीम गेल्या आठवड्यात किती वाजता निघाली? वरिष्ठांसोबत अर्धा तास बोलायला मागा. नकार आला तर सावध व्हा.

तारखाही बघा. कायम नोकरीत साडेचार वर्षं झाली असतील तर पाच पूर्ण करून निघा. महिना ३७,५०० बेसिकवर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी १,०८,००० च्या वर जाते. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यावा लागेल का, नोटीस पिरियडची भरपाई कोण करणार, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम खाते क्रमांकावर) ट्रान्सफर करा. एकूण सेवा पाच वर्षांच्या आत असताना काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. आईवडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये असतील तर नव्या कंपनीत त्यांना घेतात का, हे राजीनामा देण्याआधी विचारा.