ओढ्यात पारदर्शक खडा सापडला तर आधी पाण्यात तोला

ऑस्ट्रेलियात नवीन आलेल्या आणि दगडांची आवड असलेल्यांसाठी लिहितेय. इथे फॉसिकिंग म्हणून एक प्रकार आहे, म्हणजे कुदळ, फावडं, चाळणी घेऊन ओढ्याकाठी जायचं, गोटे-रेती चाळायची आणि त्यातून रत्नांचे खडे वेचायचे. क्वीन्सलंडमध्ये त्यासाठी लायसन्स लागतं, ऑनलाइन मिळतं, आणि फक्त हातातली अवजारं चालतात, मशीन नाही. ते आधी काढा आणि मगच निघा.

मी केर्न्सला राहते. पहिल्यांदा गेले ती माउंट सरप्राइजजवळच्या ओब्रायन्स क्रीकला. रेव्हन्शो, माउंट गार्नेट करत साधारण चार तासांची ड्राइव्ह आहे, वाटेत उंडाराचे लाव्हा ट्यूब, म्हणजे लाव्हा वाहून तयार झालेल्या गुहा, लागतात, तिथला बेसॉल्ट बघून एकदम घरी आल्यासारखं वाटलं कारण मी नाशिककडची, बी.एस्सी. जिऑलॉजी तिथेच केलं, काळ्या दगडावरच वाढले. पण ओब्रायन्स क्रीकला दगड बदलतो, तिथे ग्रॅनाइट आहे, आणि इथे सापडणारा टोपाझ नावाचा रत्नाचा खडा येतो तो या ग्रॅनाइटमधून. ग्रॅनाइटचा रस थंड होत होत शेवटी जो फ्लोरिनवाला भाग उरतो त्यात टोपाझचे स्फटिक वाढतात, मग वरचा दगड झिजतो आणि स्फटिक वाहत ओढ्यात येतात. पावसाळ्यात जाऊ नका, रस्ते बंद होतात. मे ते सप्टेंबर बरं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या डब्यात पारदर्शक असे अकरा खडे होते आणि मला एकाचंही नाव खात्रीने सांगता येत नव्हतं. डिग्री असून. कॉलेजात आपण ट्रेमधले छान स्फटिक ओळखतो, कडा शाबूत, चकचकीत. ओढ्यातला खडा घासून घासून गोल झालेला असतो, वरून दुधी काचेसारखा, आकार गेलेला, चमक गेलेली. गारगोटी (क्वार्ट्झ), टोपाझ आणि जुन्या बाटलीची काच, तिन्ही सारखेच दिसतात. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका हे मी मनापासून सांगतेय.

मी काय केलं ते सांगते. रात्री मुक्कामाला आल्यावर त्यातला सगळ्यात मोठा खडा पकडीत धरला आणि गारगोटीवर ओरखडा काढायला गेले, कारण डोक्यात एवढंच पक्कं होतं की काठिण्य गारगोटीचं ७ आणि टोपाझचं ८, आणि जास्त आकड्याचा खडा कमी आकड्याच्या खड्यावर ओरखडा काढतो. ओरखडा उठला. पण पकड जरा जोरात दाबली गेली आणि टक् असा आवाज होऊन खड्याचे दोन तुकडे झाले. मला खूप वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण तो तुटलेला भाग हेडलॅम्पच्या उजेडात धरला आणि बघतच राहिले. आरशासारखा सपाट. जरा कलता केला की सगळा पृष्ठभाग एकाच क्षणी लख्ख व्हायचा, परत कलता केला की एकदम विझायचा, आणि त्याच्या जरा आत, त्याला समांतर अशी एक बारीक चीर होती, तिच्यात तेलाच्या तवंगासारखे रंग, जांभळा, हिरवा, पिवळा. याला क्लीव्हेज म्हणतात, आपल्याकडे पुस्तकात पाटन म्हणतात. टोपाझला एकाच दिशेने अगदी परफेक्ट पाटन असतं, स्फटिकाच्या लांबीला आडवं. गारगोटीला ते नसतं, ती फुटते तेव्हा शिंपल्यासारख्या वळणदार लाटा दिसतात, बाटलीची काच फुटते तशाच.

म्हणजे उत्तर मिळालं पण खडा गेला. म्हणून स्क्रॅच टेस्ट सगळ्यात शेवटी, आणि चांगल्या खड्यावर कधीच नाही. पाटन बघायला तोडायची गरजही नसते. दहा एक्सची लुप, म्हणजे दसपट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या, खडा ओला करा आणि आत सपाट चिरा, रंगीत झाक दिसते का ते शोधा. गोल बुडबुडे दिसले तर बहुधा काच.

आता खरी टेस्ट. वजनाची. दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. आधी खडा कोरडा तोला. मग काट्यावर छोट्या ग्लासात पाणी ठेवून काटा शून्य करा, खडा बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असा पाण्यात सोडा, तळाला आणि बाजूला टेकू द्यायचा नाही. काटा जे दाखवेल ते खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, झालं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खडा तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड आहे ते. शाळेतला आर्किमिडीजच आहे हा. माझा दुसरा खडा, बोराएवढा, कोरडा ८.६२ ग्रॅम भरला आणि पाण्यात काट्याने २.४४ दाखवले, भागाकार ३.५३. टोपाझ ३.५ च्या आसपास असतो, गारगोटी २.६५. तोच खडा गारगोटीचा असता तर पाण्यात ३.२५ दाखवले असते, म्हणजे फरक डोळ्याला दिसेल एवढा मोठा आहे, शंकेला जागाच राहत नाही. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. आणि एक ग्रॅमच्या आतल्या खड्यावर फार विसंबू नका, ०.७ ग्रॅमचा टोपाझ ०.२० दाखवतो, तिथे काटा एका आकड्याने इकडेतिकडे झाला की उत्तर ३.३ पासून ३.७ पर्यंत कुठेही जातं.

झिरकॉन ४.६ च्या पुढे, सफायर ४ च्या जवळ, तेही याच काट्यावर वेगळे पडतात. एकच गोम आहे, हिरा ३.५२. म्हणजे टोपाझ आणि हिरा काट्यावर जुळे भाऊ. नवीन माणूस इथेच फसतो, मला दोघातिघांनी हिरा सापडला म्हणून फोटो पाठवलेत. त्यासाठी लॅपटॉप उघडा, एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरी करा आणि पोलराइज्ड गॉगल तिच्यासमोर धरून हळूहळू फिरवा, एका जागी स्क्रीन काळी होईल. गॉगल तिथेच धरून मधे खडा ठेवा आणि फिरवा. टोपाझ आणि गारगोटी एका फेरीत चार वेळा उजळतात, चार वेळा काळ्या होतात. काच आणि हिरा अशी उघडझाप करत नाहीत. दोनतीन बाजूंनी करून बघा, कारण स्फटिकाच्या एखाद्या दिशेने ही उघडझाप दिसत नाही.

वरून घासलेल्या खड्याच्या आतलं दिसत नसेल तर तेलात बुडवा, आणि यासाठी मला आवडतं ते लवंगेचं तेल, आईने दातदुखीसाठी म्हणून बॅगेत घातलेलं. लवंग तेलात प्रकाश जेवढा वळतो जवळपास तेवढाच गारगोटीत वळतो, त्यामुळे गारगोटी वाटीत टाकली की तिच्या कडा विरघळल्यासारख्या होतात, जवळजवळ गायब. टोपाझ तसाच उठून दिसतो. साधी काचही गायब होऊ शकते, ती गॉगलने वेगळी काढा. अकरापैकी सात अशा गायब झाल्या आणि गॉगलखाली सगळ्या उघडझाप करत होत्या, म्हणजे गारगोट्याच. टोपाझ निघाले चार, फुटलेला धरून.

जागेचाही विचार करा. आपल्याकडे नाशिक, जळगावला विहीर खोदताना, खाणीत अपोफिलाइट नावाचं खनिज मिळतं, तेही पारदर्शक, त्यालाही सपाट पाटन, वर मोत्यासारखी झाक. पण ते मऊ, काठिण्य पाचच्या आत, ओढ्यात मैलभर वाहत आलं तर त्याचा चुरा होईल. कॅल्साइट तर ३ च. वाहत्या गोट्यांत टिकून राहतात ते कणखर, म्हणून ओढ्यात तुमची यादी आपोआप छोटी होते.

पैशाच्या आशेने येऊ नका. रंगहीन टोपाझ स्वस्तच असतो, बाजारातला निळा टोपाझ बहुतेक रंगहीनालाच रेडिएशन आणि उष्णता देऊन केलेला असतो. याचं शिक्षण हवं असेल तर जेमॉलॉजिकल असोसिएशन ऑफ ऑस्ट्रेलिया ही १९४५ ची संस्था डिप्लोमा शिकवते, माझा पुढचा विचार तोच आहे. आणि मोठा, स्वच्छ खडा असेल तर पैलू पाडणाऱ्याला देताना पाटन कुठल्या दिशेला आहे ते दाखवून द्या, पैलू अगदी त्याच पातळीत आला तर त्याला नीट पॉलिश चढत नाही.

आईला फोनवर सांगितलं टोपाझ सापडला, ती म्हणाली अगं म्हणजे पुष्कराज! हा घोळ सगळ्या घरांत होतो. सराफ पुष्कराज म्हणून देतो तो सहसा पिवळा सफायर, म्हणजे कुरुंद या खनिजाच्या घरातला, काठिण्य ९, विशिष्ट गुरुत्व ४ च्या आसपास. टोपाझ वेगळं खनिज. तिच्या अंगठीत नक्की काय आहे हे तिला लगेच हवं होतं, पण मी काटा घेऊन गेले तरी ते जमणार नाही, सोन्यात बसवलेला खडा असा पाण्यात तोलता येत नाही, आधी सराफाकडून मोकळा करून घ्यावा लागेल आणि त्याला ती तयार नाही.