कोंब, सूप की काठी? बांबूचं बेट असणाऱ्यांनी पावसातच ठरवावं

आषाढ लागला की बांबूच्या बेटातून कोंब वर येऊ लागतात. इंदूरभोवती महू, सांवेर, सिमरोलकडे ज्यांच्या बांधावर बेट आहे, त्यांनी या दिवसांत आठवड्यातून दोनदा तरी तिकडे फेरी मारावी. बांबू कशाला उपयोगी पडेल हे त्याच्या वयावर ठरतं. दहा-बारा दिवसांचा कोंब पातेल्यात जातो, वर्ष-दोन वर्षांचा ओला बांबू बुरडाच्या कोयत्याखाली, आणि तीन-चार वर्षांचा पक्का बांबू मंडपाला, शिडीला, माचाला.

आधी कोंबाचं बोलू. विदर्भात याला वास्ते म्हणतात, आपल्याकडे मंडीत करील म्हणून मागा. सुरुवातीचे जाडजूड कोंब काढू नका, त्यांच्याच पुढे चांगल्या काठ्या होतात. दाटीत अडकलेले आणि पावसाच्या शेवटी आलेले कोंब बहुतेक आपोआप वाळतात, ते खुशाल खायला काढा. वीतभर ते हातभर उंचीचा कोंब कोवळा असतो. जपानात तर तो मातीतून डोकं काढायच्या आत खणून काढतात आणि भाताच्या कोंड्यासोबत उकळतात. आपणही बेटाच्या बुडाशी मातीची भर द्यावी. कोंब अंधारात वाढतो, कोवळा राहतो आणि बेटालाही आधार मिळतो.

पण कच्चा कोंब कधीही खाऊ नका. त्यातल्या कडू द्रव्यापासून सायनाइड तयार होतं. पापुद्रे सोलून पातळ चकत्या करा, झाकण न ठेवता मीठ घालून अर्धा तास उकळा, पाणी फेका आणि कडवटपणा जाईपर्यंत पुन्हा नव्या पाण्यात उकळा. मग हरभऱ्याची डाळ आणि लसूण घालून भाजी करा. आसामात कोंब किसून आंबवतात, त्याला खोरिसा म्हणतात. मणिपुरात आंबवलेल्या कोंबाचं नाव सोयबम. पावसाळ्यातली चव वर्षभर पुरवायची ही फार शहाणी रीत आहे.

आता विणकामाचं. बुरूड बांबू हातात घेतला की आधी पेर बघतो. दोन गाठींमधलं अंतर लांब असेल तर सलग पट्टी निघते. सूप, रोवळी, दुरडी, परडी आणि लग्नात डोक्यावर धरायची झाल, सगळं याच पट्टीचं. जपानातली चहा घुसळायची काड्यांची रवीसुद्धा बांबूच्या एकाच तुकड्याला चिरत चिरत बनते. आपल्या रानात होणारा भरीव देशी बांबू काठीला उत्तम, पण सुपाच्या पट्टीला पोकळ, लांब पेराचा बांबू हवा. रोपं घेण्याआधी जवळच्या बुरडाला विचारा. गिऱ्हाईक तोच आहे.

नवी लागवड करायची तर दोन फूट खोल-रुंद खड्डा आणि पाच-पाच मीटर अंतर ठेवा, म्हणजे हेक्टरी 400 रोपं बसतात. काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, तिथे आधी चर काढा. 2017 मध्ये वन कायद्यात बदल होऊन वनाबाहेरच्या जमिनीतला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतातल्या बांबूला जंगलातल्या झाडाचे नियम लागू नाहीत.

नवरात्राच्या सुमारास यंदाच्या काठ्यांवर एका रंगाचा पट्टा ओढा, पुढच्या वर्षी दुसरा रंग वापरा. तोडणीला मग अंदाज लावत बसावं लागत नाही. तोडणी मात्र थंडीतच करा. मी एकदा गणपतीच्या मंडपासाठी भाद्रपदात बांबू तोडले आणि उरलेले गोठ्याच्या छपराला घातले. संक्रांतीपर्यंत गुरांच्या पाठीवर पिवळं पीठ पडू लागलं. घुणा लागला होता, सगळं छप्पर उतरवावं लागलं. पावसाळ्यातल्या बांबूत साखर आणि पिष्ट भरलेलं असतं, भुंगा त्याच्यासाठीच येतो. तेव्हापासून मी तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवतो आणि सावलीत उभा वाळवतो. पाडव्याला गुढीसाठी तोच काढतो.

तोडताना बेटाच्या मधले जुने बांबू घ्या, कडेचे कोवळे ठेवा, कारण पुढच्या वर्षीचे कोंब त्यांच्याच कंदातून फुटतात. जमिनीलगतच्या गाठीच्या अगदी वर कापा. वर पेराची वाटी राहिली तर पावसाचं पाणी साचून बुंधा कुजतो.