नाताळच्या सजावटीत घरातल्या जुन्या वस्तू कशा मांडायच्या

आमच्याकडे वसईत नाताळची सजावट म्हटली की आधी गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा पुतळ्यांचा देखावा, मग बाकी सगळं. ट्री असतो, दारावर चांदणी असते, लाइटच्या माळा असतात, पण पाहुणा आला की चप्पल काढून आधी गोठ्याकडेच जातो. म्हणून आजी-आजोबांच्या, आईच्या आठवणीच्या ज्या वस्तू घरात आहेत त्या शोकेसमध्ये ठेवण्यापेक्षा गोठ्याच्या आजूबाजूला मांडा असं मी सगळ्यांना सांगते. तिथे त्या बघितल्या जातात आणि त्यांच्याबद्दल कोणीतरी विचारतं, आणि मला तेच हवं असतं.

आधी वेळेचं बघा. २३ तारखेच्या रात्री ट्रंक उघडू नका, तेव्हा करंज्या तळायच्या असतात, केक चाललेला असतो, सगळे थकलेले असतात आणि हमखास काहीतरी फुटतं. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कधीतरी येतो, त्या दिवशी मिस्साहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) आल्यावर दुपारी ट्रंक काढा. जमिनीवर जाड चादर घाला, टेबलावर काही ठेवू नका, टेबलावरून गोष्टी घरंगळतात. आणि घरातलं सगळ्यात मोठं माणूस शेजारी बसवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या. हातात दिल्याशिवाय आठवत नाही. माझ्या आत्याला मी दहा वेळा विचारलं होतं की ही पितळेची छोटी घंटी कोणाची, ती म्हणायची माहीत नाही, आणि त्या दिवशी हातात घेऊन वाजवली आणि लगेच म्हणाली अगं ही तर बाबा रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसायच्या आधी वाजवायचे, आम्ही अंगणातून धावत यायचो.

सगळं मांडायचा मोह आवरा. घरातलं कोणीतरी जिच्याबद्दल दोन मिनिटं तरी बोलू शकतं तीच वस्तू यंदा बाहेर, बाकीच्या पुढच्या वर्षी. आमच्याकडे पाच-सहाच निघतात. पंधरा निघाल्या की भांड्यांचं दुकान वाटतं आणि एकीकडेही कोणाचं लक्ष जात नाही.

आता गोठ्यातले पुतळे. जुन्या घरांतले बहुतेक पुतळे पीओपीचे किंवा मातीचे असतात आणि ते पाण्याने धुवायचे नाहीत, हे मी स्वतः एक कोकरू गमावून शिकले. धूळ बसली होती म्हणून नळाखाली धरलं तर रंग गेला आणि आतलं प्लास्टर मऊ होऊन कान हातात आला, आणि ते कोकरू माझ्या आईच्या लहानपणापासूनचं होतं, अजून वाईट वाटतं. मऊ कोरडा ब्रश घ्या, मेकअपचा नवीन ब्रश बेस्ट, आणि वरून खाली हलक्या हाताने झाडा. काही तुटलं असेल तर दोन्ही बाजूंची पावडर झाडून फेविकॉलचा अगदी पातळ हात लावायचा, कागदाच्या चिकटपट्टीने हलकं बांधायचं आणि रात्रभर हलवायचं नाही. रंग मात्र नवीन देऊ नका प्लीज. आमच्या संत जोसेफच्या पुतळ्याचा उजवा हात मनगटाजवळ चिकटवलेला आहे, सांधा स्पष्ट दिसतो, नाकावरचा रंग उडून आतला पांढरा ठिपका दिसतो कारण तीन पिढ्यांच्या मुलांनी त्याला नाकाला धरून उचललंय. नवीन रंग दिला असता तर तो ठिपका गेला असता.

एखादा पुतळा हरवला असेल तर सेट अपुरा म्हणून गोठाच मांडायचा नाही असं करू नका. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी गोठा मांडला तेव्हा तिथे गव्हाण, गवत आणि खरेखुरे बैल-गाढव होते, आपल्यासारखा पुतळ्यांचा सेट नव्हताच. रिकाम्या जागी घरातलीच वस्तू ठेवा. आमच्याकडे एक मेंढपाळ नाही, तिथे आम्ही आजोबांचा शेतावर न्यायचा छोटा कंदील ठेवतो, आत वात नाही, बॅटरीवरचा छोटा दिवा आहे.

गवतासाठी भाताचा पेंढा मिळाला तर उत्तमच, कापणी होऊन गेलेली असते, ओळखीच्या शेतकऱ्याकडे मूठभर मागा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा म्हणजे किडे राहत नाहीत. हिरवळीसाठी गहू किंवा नाचणी पेरायची, गहू रात्रभर भिजवायचे आणि साधारण १४-१५ डिसेंबरला पसरट भांड्यात थोड्या मातीवर पसरायचे, २४ पर्यंत छान बोटभर-दोन बोटं वर येतात. आणि इथे एक आठवणीची वस्तू आपोआप कामी येते, आजीची परात किंवा काठवट, तिच्यातच पेरा. पितळेची परात असेल तर आत प्लास्टिक घालून मग माती, नाहीतर ओलाव्याने हिरवी पडते.

लुगडं. वसईतल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत आजीचं लाल चौकड्यांचं लुगडं ठेवलेलं असतं आणि बऱ्याच घरांत ते कापून कुशन कव्हर करतात. कापू नका. घडी घालून गोठ्याच्या चौरंगावर अंथरा, वर मलमलचा पांढरा तुकडा आणि मग पेंढा, म्हणजे माती-गवत थेट कापडाला लागत नाही, पुढून फक्त वीतभर काठ आणि चौकडी लोंबू द्या. टाचण्या मारू नका, गंज धरतो. मेणबत्ती त्या कापडाच्या आणि पेंढ्याच्या जवळ अजिबात नको. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, त्या वेगळ्या टेबलावर स्टीलच्या ताटात लावा आणि घरात कोणी नसेल तेव्हा विझवा.

फोटोंचं सोपं आहे, ओरिजिनल मांडूच नका. आपल्याकडच्या दमट हवेत आणि लाइटच्या उजेडात जुने फोटो खराब होतात, स्कॅन करा, मॅट पेपरवर प्रिंट काढा आणि ती कॉपी रिबिनीला चिमट्याने लटकवा. आजीच्या हाताने लिहिलेल्या गाण्याच्या वहीचं किंवा केकच्या मापाच्या कागदाचंही तेच.

ट्रीसाठी काचेचे जुने गोळे असतील तर त्यांनाही पाणी नको, आतला चांदीसारखा मुलामा आणि वरचा रंग दोन्ही सुटतात. वरच्या फांद्यांवर, खोडाजवळ लटकवा, टोकाला नाही, आणि पितळी टोपी सैल झाली असेल तर आतली तार थोडी फाकवून परत बसवा. जुन्या सीरिजच्या माळा मात्र आठवण म्हणूनसुद्धा प्लगमध्ये घालू नका, वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं. पिवळसर उजेडाची एलईडी माळ घ्या.

एक अवघड गोष्ट. वाटण्या झाल्या की बऱ्याच घरांत गोठ्याचा सेटही वाटला जातो, मरियामाता एका भावाकडे, बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे दुसऱ्याकडे, कोणी मुंबईत फ्लॅटमध्ये, कोणी आखातात किंवा कॅनडात. आमच्याकडे ठरलंय की दरवर्षी एका घरी सगळे पुतळे येतात, ज्याची पाळी त्याच्याकडे, आणि जो लांब आहे त्याने आपल्या पुतळ्याचा व्हिडिओ कॉल लावायचा. माझ्या चुलतभावाकडे एकच राजा आहे, उंटाशिवायचा, तो त्याला खिडकीत एकटा ठेवतो आणि रोज थोडा थोडा सरकवत ६ जानेवारीला, म्हणजे तीन राजांच्या सणाला, टेबलावर आणतो, त्याच्या पोरीला हे इतकं आवडतं की ती शाळेतून आल्यावर आधी राजा कुठे पोचला ते बघते.

ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल त्या घरी लाइट, चांदणी नसली तरी गोठा मांडावा असं माझं मत आहे, आणि गेलेल्या माणसाची रोजच्या वापरातली एकच वस्तू बाजूला ठेवावी. आई गेली त्या वर्षी आम्ही तिचा चष्मा ठेवला होता, गोठ्याकडे तोंड करून. बाळ येशूला २४ च्या मध्यरात्री मिस्साहून आल्यावर गव्हाणीत ठेवायचं काम दरवर्षी तीच करायची, त्या वर्षी धाकट्या भाच्याने केलं.

६ जानेवारीनंतर आवरताना घाई नको. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते, जुन्या धुतलेल्या मलमलमध्ये किंवा बटर पेपरमध्ये गुंडाळा, काचेचे गोळे अंड्यांच्या ट्रेमध्ये, सिलिका जेलच्या पुड्या कोपऱ्यात. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका, छोट्या पिशवीत बांधा. लुगड्याची घडी दरवर्षी वेगळ्या जागी मोडा नाहीतर त्याच रेषेवर फाटतं. आणि प्रत्येक पुडक्यात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका: कोणाचं, कुठून आलं, काय तुटलंय, कोणी चिकटवलं. आमच्या जोसेफच्या पुडक्यात अशा चार चिठ्ठ्या आहेत, सगळ्यात खालची माझ्या आईच्या अक्षरात, "हात जपून."