दृश्य-शोधाच्या अभ्यासाकडे वळताना

अवधानाच्या संशोधनात आलो तेव्हा डोळ्यांच्या हालचाली टिपणारे आय-ट्रॅकर यंत्र कधी एकदा हाती येते, एवढीच मला ओढ होती. प्रत्यक्षात पहिले काही महिने दृश्य-शोधाच्या प्रयोगांत, म्हणजे लोकांना पडद्यावर विखुरलेल्या ‘एल’ अक्षरांतून एक ‘टी’ शोधायला लावण्यात गेले, आणि आता नवागतांना मीही तिथूनच सुरुवात करायला सांगतो. हिरव्या ठिपक्यांतला एकुलता लाल ठिपका, भोवतीचे ठिपके कितीही वाढवले तरी, जवळपास तेवढ्याच वेळात सापडतो. ‘टी’ शोधताना मात्र प्रत्येक वाढीव अक्षरामागे साधारण 20 ते 30 मिलिसेकंद जास्त लागतात. मानसशास्त्रज्ञ ट्रीझमन आणि जेलाड यांनी 1980 मध्ये याचा अर्थ असा लावला की, रंगासारखे सुटे गुणधर्म एकदमच टिपले जातात, पण त्यांची सांगड घालायला अवधान एकेका वस्तूवर न्यावे लागते. पुढे 1989 मध्ये वुल्फ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, सुट्या गुणधर्मांची ती माहितीच अवधानाला वाट दाखवते. लाल उभी रेघ शोधणारा माणूस हिरव्या रेघांच्या वाटेला फारसा जातच नाही.

प्रयोगातला एकेक शोध म्हणजे एक फेरी. माझी चूक झाली ती लक्ष्य, म्हणजे शोधायची गोष्ट, पडद्यावर नसलेल्या फेऱ्यांबाबत. त्या केवळ भर घालण्यापुरत्या समजून मी विश्लेषणातून वगळल्या होत्या. ‘इथे नाही’ असे माणूस नेमके केव्हा ठरवतो, हा मार्गदर्शकांचा प्रश्न आला तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. हा प्रश्न किरकोळ नाही. वुल्फ, होरोविट्झ आणि केनर यांच्या 2005 मधील प्रयोगात लक्ष्य निम्म्या फेऱ्यांत असताना सुमारे 7 टक्के वेळा निसटले, तर 1 टक्का फेऱ्यांतच असताना सुमारे 30 टक्के वेळा. सामानाची क्ष-किरण तपासणी किंवा कर्करोगाची चाचणी करणाऱ्यांसमोर लक्ष्य असेच क्वचित येते.

आय-ट्रॅकरबद्दलही, तो मिळाल्यावर, थोडा सबुरीने विचार करावा. फुप्फुसांच्या सीटी प्रतिमांत गोरिलाचे चित्र मिसळलेल्या 2013 मधील प्रयोगात 24 पैकी 20 रेडिओलॉजिस्टना ते दिसले नाही, आणि त्या 20 पैकी 12 जणांची नजर थेट त्या जागेवरून गेली होती. यंत्र नजर सांगते. काय जाणवले ते वेगळे विचारावे लागते.

प्रयोग इतरांना देण्याआधी त्याच्या दोनशे फेऱ्या स्वतः कराव्यात. शोध पुरा होण्याआधीच बोट ‘नाही’च्या कळेकडे कधी वळू लागले, ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.