लांब राहून आईबाबांच्या गोळ्या सांभाळायच्या कशा? आमच्या घरी जमलेली पद्धत

फोनवर "गोळ्या घेतल्या का?" हे विचारणं आधी बंद करा. उत्तर कायम "हो" असंच येतं. आमचे अप्पा काही खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच वाटतं घेतल्या म्हणून, कालचं आठवतं आणि ते आजचं वाटतं. मी पुण्यात, ताई न्यू जर्सीत, आईअप्पा चिपळूणला, दोघांच्या मिळून दिवसाला अकरा गोळ्या. दीडेक वर्ष चुकत चुकत जे जमलं ते सांगते.

आधी घरी जा, अ‍ॅप नंतर

हे काम फोनवरून होत नाही. दोन दिवस सुट्टी काढून जा आणि घरातली सगळी औषधं एका चटईवर मांडा. सगळी म्हणजे डबा, फ्रिजचं दार, देवघराचा खण, आईची पर्स, उशीखाली ठेवलेलं पाकीट, शेजारच्या काकूंनी "मला गुण आला" म्हणून दिलेल्या गोळ्या, काढे आणि चूर्णं पण. एक्स्पायरी गेलेलं बाजूला काढा आणि उरलेल्या प्रत्येक पाकिटाचा फोटो घ्या.

आता यादी करा, पण ब्रँडच्या नावाने नाही, पाकिटावर बारीक अक्षरात जे औषधाचं मूळ नाव असतं त्याने. आमचा घोळ इथेच सापडला. मेडिकलमध्ये एक ब्रँड संपला म्हणून दुसरा दिला, दोन्हीत टेल्मिसार्टनच, पण पाकिटाचा रंग वेगळा, मग अप्पांनी जुनी संपवता संपवता नवीन पण चालू केली. दोन आठवडे बीपीची गोळी डबल, आणि आम्ही म्हणतोय चक्कर उन्हामुळे येतेय! जनऔषधी केंद्रातून आणत असाल तर तिथे पाकिटावर मूळ नावच ठळक असतं, त्याचा इथे फायदा होतो.

ही यादी घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. हार्टवाले, शुगरवाले, गुडघेवाले, तिघांनी काय काय दिलंय ते एका माणसाने एकत्र बघितलेलं नसतं. काय बंद करायचं ते डॉक्टरच ठरवतील, आपण नाही.

घड्याळाला नाही, सवयीला बांधा

"सकाळी ८ वाजता" पेक्षा "चहाच्या आधी" जास्त टिकतं. आईची थायरॉईडची गोळी अनशापोटी, मग अर्धा ते एक तास काही नाही, म्हणून ती उठल्या उठल्या तोंड धुतलं की. कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीपासून चार तास तरी लांब पाहिजे, ती गेली दुपारच्या जेवणावर. अप्पांची मेटफॉर्मिन जेवणासोबत.

आणि उपवास! एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार सगळे कॅलेंडरमध्ये टाका. ग्लिमेपिराईडसारखी शुगरची गोळी घेतली आणि पोटात काहीच गेलं नाही तर साखर एकदम खाली येते, त्यामुळे उपवासाच्या दिवशी काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवा.

डबा

सात दिवस गुणिले चार वेळा, असा २८ खणांचा डबा घ्या. त्यावर इंग्रजीत वार असतात ते खोडून मार्करने मोठ्ठं सोम, मंगळ लिहा. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असेल, मेथोट्रेक्सेटसारखी, तर ती वेगळ्या डबीत, वर "फक्त रविवार". ही रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, तिथे हलगर्जीपणा नको.

कोकणातल्या दमट हवेत काही गोळ्या पाकिटातून काढल्या की खराब होतात, कुठल्या ते केमिस्टला विचारा. पाकीट कात्रीने कापून तुकडे डब्यात ठेवायची आयडिया मी केली होती, पण नजर कमी असेल तर माणूस गोळी फॉईलसकट गिळू शकतो, म्हणून सोडून दिली, तसल्या गोळ्या आता अख्ख्या पाकिटात, डब्याशेजारी.

डबा रविवारी व्हिडिओ कॉलवर भरायचा. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून, कॅमेरा डब्यावर. अप्पा भरतात आणि मी यादी वाचते. अर्धा तास जातो, त्यात गावातल्या सगळ्या बातम्या पण कळतात.

अलार्म

औषधांची अ‍ॅप्स मी तीन वापरून बघितली. काही फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅप मागच्या मागे बंद करून टाकतात आणि आठवण येतच नाही. शिवाय टिक करायचं बटण असतं, ते गोळी न घेता पण दाबता येतं, अप्पा तर कटकट बंद व्हावी म्हणूनच दाबायचे. फोनमधलं साधं घड्याळ बेस्ट. माझ्या लेकीचा आवाज रेकॉर्ड केला, "आजोबा, निळी गोळी!", आणि तीच फाईल अलार्म टोन म्हणून लावली. अलार्मचा आवाज रिंगटोनपेक्षा वेगळा सेट होतो, तो फुल ठेवा. दिवसात तीनच्या वर अलार्म नकोत, नाहीतर माणूस ऐकूनही ऐकत नाही.

घेतल्या हे कळणार कसं

गोळी घेतली की उघड्या डब्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर, बाकी एक शब्द टाईप करायचा नाही. रिकामा खण खोटं बोलत नाही (मुद्दाम गोळ्या फेकल्या तर गोष्ट वेगळी, पण मग प्रॉब्लेम डब्याचा नाही, गोळी का नको वाटतेय ते विचारा). साडेनऊपर्यंत फोटो नाही आला तर एकच फोन, दहापर्यंत उचलला नाही तर शेजारच्या काकांना. सकाळचा पहारा ताईकडे, कारण आपले सकाळचे ८ म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा. रात्रीचा माझ्याकडे.

घरात कॅमेरा लावायचा विषय निघाला होता, अप्पा म्हणाले "मी काय कैदी आहे?" विषय संपला, आणि मला तर त्यांचंच बरोबर वाटतं. विसरभोळेपणा खूप वाढला असेल तर मात्र फोन आणि डबा पुरत नाही, हातात गोळी देणारं माणूसच लागतं.

गोळी राहिली तर पुढच्या वेळी डबल घ्यायची नाही हे घरात सगळ्यांना पाठ पाहिजे. कुठली उशिरा चालते, कुठली त्या दिवशी सोडून द्यायची हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, तेही डॉक्टरांकडून एकदाच लिहून घ्या.

साठा

दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की केमिस्टला व्हॉट्सअ‍ॅप, पैसे मी इथून यूपीआयने देते. त्यांना एकच सांगून ठेवलंय, ब्रँड बदलणार असाल तर आधी मला फोन. पावसाळ्यात साठा महिन्याचा, आणि डबा वरच्या फळीवर. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणात पाणी घरात शिरलं तेव्हा खालच्या कपाटातलं सगळं गेलं, कित्येक घरांत औषधं आणि फाईल दोन्ही.

यादीचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, खाली डॉक्टरांचा नंबर आणि १०८, कारण लाईट आणि रेंज गेली की आलेल्या माणसाला तोच वाचता येतो. कागदावर तारीख घाला, औषध बदललं की नवीन लावा आणि जुना तिथल्या तिथे फाडा, आमच्याकडे दोन महिने दोन्ही शेजारी शेजारी लटकत होते.