ऑटोग्राफ कार्ड लागलं? आधी उलटं करून बघा, या चुका टाळा

२०२४ च्या नाताळच्या सकाळी लॉस एंजेलिसकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाने टॉप्स कंपनीच्या क्रोम अपडेट या बेसबॉल कार्डांच्या संचाचं पाकीट फोडलं आणि पॉल स्कीन्सची सही असलेलं, जगात एकच प्रत असलेलं कार्ड त्याच्या हाती आलं. पायरेट्स संघाच्या या पिचरने (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने) पदार्पणाच्या सामन्यात बाहीवर लावलेला कापडी पॅच त्यात बसवलेला होता. मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख १० हजार डॉलरला विकलं गेलं. तेव्हापासून इथे न्यू जर्सीत आपल्या मराठी आईबाबांचे "मुलाला कुठला नवा बॉक्स घेऊ?" असे फोन वाढलेत. मी त्यांना सांगते, बॉक्स कुठलाही घ्या, पण कार्ड हातात आलं की आधी पाठीमागचा मजकूर वाचा.

कारण सही दिसली म्हणजे खेळाडूने पेन टेकवलंच असं नाही. १९५२ च्या टॉप्स संचातलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्याच्यावरही सही आहे, पण ती छापलेली. छापील सहीची कार्डं आजही निघतात आणि नवखे लोक ती ऑटो, म्हणजे खऱ्या सहीची कार्डं, समजून घेतात. खऱ्या ऑटोग्राफ कार्डाच्या मागे सही अस्सल असल्याची कंपनीची हमी छापलेली असते. ती ओळ नसेल तर थांबा. दिव्याखाली कार्ड तिरकं धरा. पेनची शाई चकाकीच्या वर बसलेली दिसते, छापील सही बाकीच्या चित्राइतकीच सपाट असते. सही पारदर्शक स्टिकरवर घेऊन नंतर चिकटवलेली असेल तर कडेने बारीक रेघ दिसते. अशी सही खरीच असते, पण थेट कार्डावर केलेलीला जास्त मागणी असते.

कार्डात बसवलेल्या जर्सीच्या तुकड्याचंही तसंच आहे. स्कीन्सचा पॅच नेमक्या त्या सामन्यातला होता. पुष्कळ कार्डांच्या मागे मात्र, हा कपडा कुठल्याही विशिष्ट सामन्याशी किंवा मोसमाशी जोडलेला नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे खेळाडूने तो फोटोपुरता अंगात घातलेला असू शकतो. पैसे देण्याआधी ते वाक्य वाचा.

आता रिडेम्प्शन. खेळाडूने सही वेळेत दिली नाही तर कंपनी पाकिटात खऱ्या कार्डाऐवजी कोड असलेलं कार्ड टाकते. तो कोड संकेतस्थळावर भरला की सहीचं कार्ड पुढे टपालाने येतं. माझ्या लेकाला बास्केटबॉलच्या बॉक्समध्ये असं एक लागलं होतं. निवांत भरू म्हणून मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि दोन वर्षं उघडलंच नाही. मग एका रविवारी राखाडी पट्टी नखाने खरवडली, आकड्यांवरची भुकटी फुंकली, कोड टाकला, आणि पडद्यावर मुदत संपल्याचा निरोप आला. तारीख पाठीमागे ठळक छापलेली होती. लेकाचा चेहरा अजून आठवतो. रिडेम्प्शन लागलं की त्याच दिवशी भरा. जुने सीलबंद बॉक्स घेतानाही हा हिशेब करा, कारण आतल्या रिडेम्प्शनची मुदत कधीच उलटून गेलेली असू शकते. आणि खरवडलेला कोड कुणाकडूनही विकत घेऊ नका.

कार्डावर ५० पैकी, २५ पैकी असा सिरियल नंबर (त्या प्रकारच्या किती प्रती निघाल्या ते सांगणारा) पाहून लोक हुरळतात. १९९० मध्ये अपर डेक या कार्ड कंपनीने बेसबॉलपटू रेजी जॅक्सनने सही केलेली २,५०० कार्डं पाकिटांत मिसळली, तेव्हा गणित सोपं होतं. आता टॉप्स क्रोममध्ये त्याच खेळाडूची तीच सही सोनेरी रंगात ५०, नारिंगीत २५, लालमध्ये ५ आणि सुपरफ्रॅक्टर या प्रकारात एकच, अशी वेगवेगळी येते. बिननंबरी आणखी असतातच. सगळ्यांची बेरीज केल्याशिवाय दुर्मीळ म्हणू नका.

पाकिटावरचं १:२४ (चोवीस पाकिटांत एक) हे प्रमाण सगळ्या छपाईची सरासरी असते. चोवीस पाकिटं घेतली म्हणजे एक निघेलच असं नाही. ऑटोची हमी बहुधा हॉबी बॉक्सवर (कार्डांच्या खास दुकानांत मिळणाऱ्या महागड्या बॉक्सवर) असते, मोठ्या दुकानातल्या स्वस्त ब्लास्टर बॉक्सवर सहसा नसते. एकच खेळाडू हवा असेल तर बॉक्सच्या नादी न लागता ते कार्डच सुटं घ्या, आणि तेही संच बाजारात आल्याच्या पहिल्या दिवशी नको. काही आठवड्यांत भरपूर बॉक्स फुटले की बहुतेक कार्डांचे भाव उतरतात. भाव बघताना लोक काय मागतायत ते बघू नका, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते बघा.

कार्ड लागल्यावर उत्साहात अंगठा नेमका सहीवर पडतो. क्रोमच्या चकचकीत पृष्ठभागावर ठसा लगेच उमटतो, आणि तो पुसायला गेलं की शाई पसरते. कडांना धरा, मऊ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये सरकवा, मग टॉपलोडर या कडक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. इथे जाडी बघायची. साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा टॉपलोडर चालतो, पण पॅचचं जाड कार्ड त्यात दाबून बसवलं की कोपरे चेपतात. त्याला १३० पॉइंटचा लागतो. कोपरा एकदा चेपला की ग्रेडिंगमध्ये (कार्डाच्या अवस्थेला गुण देतात त्यात) दहापैकी दहा मिळणं संपलं.

सहीचं कार्ड खिडकीसमोर फ्रेम करून लावू नका, उन्हाने शाई फिकी पडते. तळघरही टाळा, तिथल्या दमट हवेने क्रोमची कार्डं वाकतात. आमची सगळी झोपायच्या खोलीतल्या कपाटात, अंधारात, डब्यात उभी ठेवलेली आहेत. लेकाला बघायची असली की हात धुऊन येतो आणि एकेक बाहेर काढतो.